जुन्या खडबडीत छताला हात लावण्यापूर्वी

अमेरिकेत १९८०च्या आधी बांधलेले घर घेतले असेल आणि त्याच्या खोल्यांच्या छताला आतून पॉपकॉर्नसारखा खडबडीत थर असेल, तर तो खरवडण्यापूर्वी त्यात ॲस्बेस्टॉस (श्वासावाटे गेल्यास घातक ठरणारे तंतुमय खनिज) आहे का, हे तपासून घ्यावे. सजावटीसाठी फवारल्या जाणाऱ्या अशा ॲस्बेस्टॉसयुक्त थरांवर तिथे १९७८ मध्ये बंदी आली, तरी शिल्लक माल नंतरही वापरला गेल्यामुळे केवळ बांधकामाच्या वर्षावर विसंबू नये. आणि नुसत्या डोळ्यांनी तर ते ओळखताच येत नाही. नमुने प्रशिक्षित तपासनिसाकडून, वेगवेगळ्या खोल्यांतून घ्यावेत.

ॲस्बेस्टॉस आढळले आणि थर शाबूत असेल, तर त्याला न छेडणे हाच बहुधा शहाणपणाचा मार्ग ठरतो. छत सपाटच हवे असेल, तर परवानाधारक कंत्राटदाराकडून थर काढून घ्यावा किंवा नव्या ड्रायवॉलने (कागदाचे आवरण असलेल्या जिप्समच्या तक्त्यांनी) झाकावा. मात्र स्क्रू मारतानाही तंतू हवेत उडतात, म्हणून झाकण्याचे कामही जाणकारानेच करावे.

ॲस्बेस्टॉस नसल्यास खोली रिकामी करून, वीज बंद करून, जमीन व भिंती प्लास्टिकने झाकाव्यात. थोड्या भागावर पाणी फवारून, पंधरा मिनिटे मुरू देऊन, रुंद पट्टीने हलकेच खरवडावे. पाणी जास्त झाले तर ड्रायवॉलचा कागद फाटतो. थरावर जुना रंग असेल तर पाणी मुरत नाही, शिवाय त्या रंगात शिसे असू शकते. त्याचीही तपासणी आधीच करावी.