केबलचा नाद सोडा: जुन्या पामवर कागदाविना जिओकॅशिंग

गगनबावड्याच्या पावसात सतरा छापील पानांचा एकच गोळा झाला, त्या दिवसापासून मी जिओकॅशिंगला कागद नेत नाही. पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, वर गाठ मारली होती, तरी झाला. घरी येऊन ती पंख्याखाली एकेक सोडवत बसलो होतो, तेव्हा कपाटातला पाम आठवला, म्हणजे हातात मावणारा, काडीनं चालवायचा जुना छोटा संगणक. कधीकाळी ऑफिसच्या भेटीगाठी लिहायला घेतलेला, नंतर सेल काढून ठेवून दिलेला. आता डबे शोधायला निघताना तोच खिशात असतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुणीतरी डबा (त्यालाच कॅश म्हणतात) लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथं ठेवून द्यायचा. 2 मे 2000 रोजी अमेरिकी सरकारनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळ पहिला डबा लपवला गेला. डब्याच्या आसपास पोचायला आकडे पुरतात. डबा हाताला लागायला मात्र वर्णन, इशारा आणि आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी लागतात, आणि त्याच आपल्याला पाममध्ये न्यायच्यात.

“अहो, फोन आहे की!” रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या निम्म्या मंडळींनी मला हे सांगून झालंय. मान्य आहे. फोनवरही यादी आधी उतरवून ठेवता येते, आणि तेवढ्यानं तुमचं भागत असेल तर पुढचं वाचू नका. माझं भागत नाही. मसाई पठारावर दुपारी बाराच्या उन्हात फोनच्या काचेत मला माझंच तोंड दिसतं. पामच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर ऊन जितकं जास्त तितकं अक्षर स्पष्ट. शिवाय पाम कातळावर आपटला तर हळहळ वाटते, हप्ता आठवत नाही.

यंत्र निवडताना लोक रंगीत पडद्याला भुलतात. भुलू नका. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: काळा-पांढरा पडदा, एसडी कार्डाची खाच, आणि रिमोटमध्ये घालतो ते बारीक सेल. या तिन्ही एकत्र असलेला पाम म्हणजे 2001 सालचा एम-125. एम-500 चा पडदाही चांगला आणि कार्डाची खाचही आहे, पण बॅटरी आत बसवलेली, आणि वीस वर्षांच्या बॅटरीचा काय भरवसा? टंगस्टन ई देखणा आहे, त्याचंही दुखणं तेच.

हे दुखणं मी भोगलंय. पन्हाळ्याला निघालो होतो. टंगस्टन रात्रभर चार्जरला लावलेला. एसटीत बसून नोंदी वाचत गेलो आणि वाघबीळ यायच्या आत पडदा विझला. वर पोचल्यावर टपरीवर चहा घेतला, मालकाला विनंती करून चार्जर लावला. पाम जिवंत झाला आणि त्यानं मला नवीन गिऱ्हाइकासारखं स्वागत म्हटलं, मग चिन्हाच्या मधोमध टिचकी मारा म्हणाला. म्हणजे आत काहीच उरलं नव्हतं. या जुन्या पामांची सगळी स्मृती विजेवर जगते. बॅटरी पूर्ण संपली की प्रोग्रॅमसकट सगळं पुसलं जातं. टंगस्टन ई-2 आणि टीएक्स या नंतरच्या यंत्रांत तसं होत नाही, पण त्यांचे पडदे रंगीत. सेलवाल्या पामलाही ही भीती आहेच, फक्त तिथं सेल बदलायला तुम्हाला साधारण एक मिनिट मिळतं. नवे सेल हातात घेऊनच जुने काढा.

माहिती गोळा करणं सोपं आहे. जिओकॅशिंगच्या संकेतस्थळाचं पैसे भरून सभासदत्व घेतलं की पॉकेट क्वेरी, म्हणजे आपल्याला हव्या त्या कॅशची वर्णनासकट यादी, काढता येते, आणि ती जीपीएक्स फाइल म्हणून येते. फुकटातली एलओसी फाइल इथं कामाची नाही, तिच्यात नाव आणि आकडे असतात, वर्णन नसतं. झिप उघडल्यावर आत दोन फाइली दिसतील. दुसरी, जिच्या नावाच्या शेवटी ‘डब्ल्यूपीटीएस’ असतं, ती फेकून देऊ नका. गाडी कुठं लावायची, पायवाट कुठून सुरू होते, अनेक टप्प्यांच्या कॅशचा पुढचा टप्पा कुठला, हे सगळं तिच्यात असतं. मी पहिलं वर्षभर ती फेकत होतो आणि झुडपातून चढत होतो.

दोन्ही फाइली जीसॅक या संगणकावरच्या कॅश-याद्या सांभाळायच्या प्रोग्रॅममध्ये घाला, नको त्या कॅश गाळा, आणि तिथून पामवरच्या कॅशमेट या प्रोग्रॅमसाठी पीडीबी (पामला कळणारी माहितीची फाइल) काढा. जीसॅक नको असेल तर सीएमकन्व्हर्ट नावाचं छोटं अवजारही जीपीएक्सची पीडीबी करून देतं.

आता खरी गोम. ही पीडीबी पाममध्ये घालायची कशी?

जो तो सांगतो, हॉटसिंक करा, म्हणजे केबलनं पाम आणि संगणक यांची देवाणघेवाण. पाम त्याच्या पाळण्यात बसवा, बटण दाबा, झालं. 2003 साली होत होतं. आज पामच्या डेस्कटॉप प्रोग्रॅमबरोबर आलेले यूएसबी ड्रायव्हर 32-बिट विंडोजसाठी आहेत आणि तुमचा संगणक बहुधा 64-बिट आहे. असीका या न्यूझीलंडच्या कंपनीनं 64-बिट ड्रायव्हर काढला होता, तो शोधून घालणारे लोक आहेत. मीही घातला. आज चालला, उद्या नाही. ज्या यंत्रावर रविवार सकाळी सहाला अवलंबून राहायचंय, त्याच्याशी असला जुगार मी खेळत नाही.

मग मी लिनक्सकडं वळलो, तिथं माझे दोन रविवार गेले. पामशी बोलणारं पायलट-लिंक हे अवजार घातलं, आज्ञा दिली, उत्तर आलं की असं पोर्टच नाही. केबल बदलली. दुसऱ्याची केबल मागून आणली. काही नाही. कारण असं की पामचं पोर्ट केबल जोडल्यावर तयार होतच नाही. हॉटसिंकचं बटण दाबल्यावर ते जन्माला येतं आणि थोड्या वेळात मरतं. म्हणजे आधी बटण, मग लगेच आज्ञा. त्यातही पोर्टं दोन तयार होतात आणि बहुतेक पाम दुसऱ्यावर बोलतात. मी पहिल्याला हाका मारत होतो. हे जमलं तोवर कुणीतरी सल्ला दिला की लिबयूएसबीची पद्धत वापर, म्हणजे पोर्टाच्या भानगडीत न पडता थेट यूएसबीवरून बोलायची, ती सोपी. तिथं क्रम बरोबर उलटा: आधी आज्ञा, मग बटण. आणि ती पोर्टं बनवणारा लिनक्सच्या गाभ्यातला भाग, व्हिजर मॉड्यूल, आधी काढून टाकावा लागतो, नाहीतर तोच पामला पहिल्यांदा धरतो आणि तुमच्या हाती काही लागत नाही. दोन पद्धतींचे सल्ले एकत्र करून वागलात तर कुठलीच चालत नाही, आणि लोक नेमकं तेच करतात. हौसच असेल तर एक पद्धत धरा, दुसरीकडं बघूसुद्धा नका.

माझं सरळ मत: केबलचा नाद सोडा आणि कार्ड वापरा.

एसडी कार्ड 2 जीबी किंवा त्याहून लहान हवं. 4 जीबीपासून पुढची कार्डं एसडीएचसी जातीची, ती या पामना वाचताच येत नाहीत. घरातल्या जुन्या कॅमेऱ्यात बघा, एखादं 256 एमबीचं निघेल, ते उत्तम. कार्ड पाममध्ये घाला आणि पामवरच्याच ‘कार्ड इन्फो’मधून फॉरमॅट करा. संगणकावर फॉरमॅट करून आणलेलं कार्ड ‘दिसत नाही’ म्हणून मित्रानं मला रात्री अकराला फोन केला होता, म्हणून सांगतोय.

आता कार्ड संगणकाच्या रीडरमध्ये घाला. त्यावर ‘पाम’ नावाचा फोल्डर हवा आणि त्याच्या आत ‘लाँचर’ नावाचा. नसले तर बनवा, स्पेलिंग चुकवू नका. पीआरसी फाइल म्हणजे प्रोग्रॅम. फाइलझी हा फुकट फाइल-मॅनेजर आणि कॅशमेट या दोघांच्या पीआरसी लाँचरमध्ये टाका. पीडीबीही कार्डावर टाका, कुठंही चालेल. कार्ड परत पाममध्ये घातलं की प्रोग्रॅमच्या यादीत कार्डाचा वेगळा गट येतो आणि फाइलझी तिथूनच चालतो. फाइलझी उघडा, कार्डावरची पीडीबी निवडा, पामच्या स्मृतीत कॉपी करा. कॅशमेटही तसाच आत घ्या. बस्स. ड्रायव्हर नाही, पोर्ट नाही, बटण नाही. संगणक पामशी बोलतच नाही, त्यामुळं विंडोज कुठलाही चालतो.

आणि पन्हाळ्याला झालं तसं पुन्हा झालं, तर सेल बदलायचे आणि कार्डावरून सगळं परत घ्यायचं. पाच मिनिटांचं काम. हे मी कासारी नदीच्या काठी दगडावर बसून केलंय.

एक मराठी दुखणं राहिलं. पामला देवनागरी कळत नाही. त्याच्याकडं रोमन अक्षरांचा एकच जुना संच आहे, युनिकोड नाही. कुणी वर्णनात ‘वडाच्या मुळाशी बघा’ असं लिहिलं असेल तर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसेल. त्यामुळं निर्यात करण्याआधी जीसॅकमध्ये देवनागरी मजकूर शोधून तो रोमन लिपीत टंकून घ्या, मेसेजमध्ये लिहितो तसा. आपल्या भागात अशा नोंदी मोजक्याच, दहा मिनिटं लागतात. गंमत म्हणजे इशारा झाकायला वापरतात ती तेरा अक्षरं पुढं सरकवायची युक्ती फक्त रोमन अक्षरांवर चालते, म्हणून देवनागरीत लिहिलेला इशारा संकेतस्थळावर उघडाच राहतो.

पाम हा नुसता वाचायला. दिशा दाखवायला जीपीएस वेगळा. माझ्याकडं जुना पिवळा ईट्रेक्स आहे, त्यात 500 बिंदू मावतात पण नाव फक्त सहा अक्षरांचं. कॅशचे संकेतांक आता सात अक्षरांचे झालेत, म्हणून सुरुवातीचं ‘जीसी’ कापून टाका, उरलेल्या पाचांवरून पाममध्ये शोधता येतं. हातानं आकडे घालत असाल तर जीपीएस अंश आणि दशांश मिनिटांवर ठेवा. 16 अंश 42.300 मिनिटं हे 16 अंश 42 मिनिटं 30 सेकंद असं घातलंत तर तुम्ही जवळजवळ 370 मीटर उत्तरेला डबा शोधत बसाल.

जागेवर पोचल्यावर सगळं आधीच वाचू नका. वर्णन वाचा, शोधा, मग इशारा, आणि शेवटी जुन्या नोंदी. सापडला की तिथंच कॅशमेटमध्ये खूण करा आणि चार शब्द लिहा. ग्राफिटीची, म्हणजे काडीनं अक्षरं काढायच्या पामच्या पद्धतीची, सवय मोडली असेल तर पडद्यावरचा कीबोर्ड आहे. पावसात पाम झिपवाल्या जाड पिशवीत ठेवा, काडी पिशवीवरूनही चालते. काही कॅशमध्ये डबाच नसतो, तिथल्या खडकाबद्दल प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं पाठवायची असतात. ते प्रश्न वर्णनातच असल्यामुळं तिथं पाम खरा कामी येतो. जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय उकरायचं कुठंच नाही, खेळाचाच तसा नियम आहे, आणि पन्हाळ्यासारख्या संरक्षित किल्ल्यावर तर दगडसुद्धा हलवू नका.

हो, पेन घ्या. कागदाविना म्हणत म्हणत मी दोनदा पेन न घेता गेलोय. डब्यातली वही अजून कागदाचीच असते.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी पाम बघून नोंदी संकेतस्थळावर टाका आणि कॅशमेटमधली यादी पूर्ण पुसा. पुढच्या फेरीला नवी क्वेरी काढायची. तीन आठवडे जुन्या यादीवर विसंबून मी राधानगरीच्या रस्त्यावर एका मोरीखाली सव्वा तास घालवला होता. तो डबा मालकानं आठ दिवसांपूर्वीच उचलून नेला होता.