आधी कार्ड दाखवा, मग तिकीट काढू

"अगं, मी मालवणला स्कूबा केलंय!" डायव्हिंगच्या सहलीसाठी ग्रुप जमवायला घेतला की हे वाक्य दोघा-तिघांकडून हमखास येतं. खोटं नसतं ते. पण मालवणला मागून एक मुलगा आपली टाकी धरून असतो, आपण तोंडाने श्वास घ्यायचा आणि कॅमेरा आला की अंगठा दाखवायचा. गंमत म्हणजे डायव्हरांच्या खुणांमध्ये वर केलेला अंगठा म्हणजे ‘वर चला’. सगळं ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात.

त्यामुळे माझा पहिला नियम असा: व्हॉट्सअ‍ॅपवर गंतव्याची चर्चा सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने कार्डाचा, म्हणजे डायव्हिंगचा कोर्स केल्याच्या प्रमाणपत्राचा, फोटो टाकायचा. कार्डावरून किती खोल जाता येतं ते कळतं: ओपन वॉटर हा पहिला कोर्स म्हणजे १८ मीटर, अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे ३० मीटर. कार्डाइतकंच शेवटची डाइव्ह कधी केली हेही विचारते, कारण सहा वर्षांपूर्वीचं कार्ड आणि त्यानंतर कोरडं अंग म्हणजे जवळपास नवशिकाच. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नऊ जण बालीला गेलो, तेव्हा यादी अशी निघाली: दोन अ‍ॅडव्हान्स्ड, तीन ओपन वॉटर, दोघांचा कोर्स व्हायचाय, आणि माझी नणंद व तिचा मुलगा फक्त स्नॉर्केलिंगवाले, म्हणजे मास्क लावून वरच तरंगणारे.

आता जागा निवडायची ती त्या दोन अ‍ॅडव्हान्स्डवाल्यांना विचारून नाही. त्यांना मालदीवची लाइव्हअबोर्ड हवी होती. म्हणजे आठवडाभर बोटीवरच मुक्काम, दिवसाला तीन डाइव्ह आणि खाडीच्या तोंडाशी जोराचा प्रवाह. अशा बऱ्याच बोटींवर ठरावीक डाइव्ह झालेल्या असल्याशिवाय घेत नाहीत, आणि पाण्यात न उतरणाऱ्याने आठ दिवस डेकवर करायचं काय? मिश्र ग्रुपला किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येईल अशी जागा हवी. बालीच्या ईशान्येला तुलांबेन तशी आहे.

तिथे लिबर्टी नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज बुडालेलं आहे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो मारला, ओढून नेताना पाणी शिरायला लागलं म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं. एकवीस वर्षं ते तसंच वाळूत पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला, जमीन हादरली आणि जहाज घसरून समुद्रात गेलं. आज सुमारे १२० मीटर लांबीचा तो सांगाडा पाच मीटरपासून तीसएक मीटरपर्यंत उतरत जातो. वरच्या टोकावर नणंद मास्क लावून तरंगत होती, मधल्या भागात ओपन वॉटरवाले, खाली अ‍ॅडव्हान्स्ड. एकच जहाज, सगळ्यांना पुरलं.

पाण्यातल्या जोड्या लावताना मात्र नाती बाजूला ठेवा. माझ्या नवऱ्याच्या टाकीतला हवेचा दाब २०० बारवरून ५० वर यायला पस्तीस मिनिटं लागतात, माझ्याकडे तेव्हा शंभरच्या वर शिल्लक असते. २० मीटरवर दाब वरच्या तिप्पट, म्हणून हवाही तिप्पट वेगाने जाते, आणि हे साहेब त्यात माशांच्या मागे हातवारे करत पोहतात. पहिल्या ट्रिपला आम्ही बडी, म्हणजे पाण्यातले जोडीदार, होतो. रोज मला अर्ध्यातून वर यावं लागलं आणि रोज जेवताना भांडण. आता तो माझ्या चुलतभावाबरोबर, दोघेही हवा पिणारे. संसार सुखाचा चाललाय. डाइव्ह सेंटरला मेल करतानाच लिहा की एका गाइडमागे चारपेक्षा जास्त माणसं नकोत आणि गट हवा किती लागते त्याप्रमाणे करा. ऑक्सिजनचं किट किनाऱ्यावर असतं का, खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर प्रत्येकाला भाड्याने मिळतो का, हेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या.

कोर्स करणाऱ्यांनी थिअरी आणि स्विमिंग पूलचा भाग इथेच उरकून, रेफरल, म्हणजे तेवढा भाग झाल्याचं पत्र, घेऊन जावं. तिथे समुद्रातल्या चार डाइव्ह राहतात. नाहीतर सुट्टीतला निम्मा वेळ व्हिडिओ बघण्यात जातो.

वैद्यकीय फॉर्मचं मी एकदा फार सहज घेतलं होतं, अंदमानला. काकांनी ऐनवेळी काउंटरवर रक्तदाबापुढे ‘होय’ लिहिलं. लिहिलं ते बरोबरच केलं. पण काही प्रश्नांना ‘होय’ असेल तर डॉक्टरची सही लागते. डॉक्टर शोधण्यात अख्खा दिवस गेला आणि काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. आता महिनाभर आधी फॉर्म सगळ्यांना पाठवते: दमा, कानाचं ऑपरेशन, रक्तदाब, चालू गोळ्या. विम्याचंही तसंच. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग येतंच असं नाही, आलं तरी किती मीटरपर्यंत ते बारीक अक्षरात असतं. वाचा.

कॅलेंडर शेवटाकडून मांडा. डाइव्हनंतर लगेच उंचीवर, कमी दाबात जाणं धोक्याचं, म्हणून सलग दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जावे लागतात, मी चोवीस धरते. रविवारी दुपारी एकचं विमान असेल तर शनिवारी एकच्या आत सगळे पाण्याबाहेर. हे बहुतेकांना माहीत असतं. डोंगराचं कोणी लक्षात घेत नाही. बालीला गेलेल्या प्रत्येकाला बातूरच्या डोंगरावरून सूर्योदय बघायचा असतो, आणि बातूर १,७१७ मीटर. डाइव्हनंतर तिकडे चढणं हेही उंचीवर जाणंच. म्हणून ट्रेक पहिल्या दोन दिवसांत, पाणी नंतर. एजंटने आमचा कार्यक्रम नेमका उलटा लावला होता.

मार्चमध्ये जात असाल तर न्येपी तपासा. बालीचं शक नववर्ष ते, बऱ्याचदा आपल्या पाडव्याच्या आसपासच येतं. आपल्याकडे शोभायात्रा, तिथे चोवीस तास संपूर्ण शांतता: विमानतळही बंद, हॉटेलबाहेर पाऊल नाही, डाइव्ह तर नाहीच.

तुलांबेनचा किनारा म्हणजे गोल, काळे, हलणारे दगड. टाचेला पट्टा असलेले फिन्स (पोहायचे पंखे) आणि जाड तळाचे बूट न्या, अनवाणी जमणार नाही. गावातल्या बायका भरलेली टाकी डोक्यावर घेऊन साध्या चपलांवर त्या दगडांतून चालतात. आपण मागून रिकाम्या हातांनी ठेचकाळत जायचं. त्यांच्यासाठी सुटे पैसे वेगळे ठेवा. कंबरभर पाण्यात गेल्यावर बडीच्या खांद्यावर हात ठेवून फिन्स चढवा, लाटेकडे पाठ करू नका. एक तरी डाइव्ह पहाटे सहाला करा. गर्दी नसते आणि कपाळावर टेंगूळ असलेले मोठे बम्पहेड पॅरटफिश जहाजाभोवती कळपाने फिरत असतात. कोणी सर्दीची गोळी घेऊन उतरायचा हट्ट धरला तर त्याला किनाऱ्यावरच बसवा. गोळीचा असर पाण्याखाली असतानाच संपला की कानातली हवा अडकते आणि वर येताना कळ जाते. ही चूक माझी स्वतःची, मालदीवची, आठवडाभर डावा कान ठणकत होता.

शाकाहारी मंडळींना आधीच सांगून ठेवा की तिथल्या सांबाल नावाच्या मिरचीच्या चटणीत बहुधा तेरासी, म्हणजे सुकटीसारखी कोळंबीची पेस्ट असते, आणि गाडो-गाडो या दाण्याच्या सॉसमधल्या भाज्यांवरचा तो पांढरा कुरकुरीत पापडही बऱ्याचदा कोळंबीचाच. संकष्टी आली होती. वहिनींनी ठाण्याहून साबुदाणा नेलेला, हॉटेलच्या स्वयंपाकघरात दाण्याचं कूट करून खिचडी केली. दुसऱ्या दिवशी आमच्या गाइडने रेसिपी लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, लिहून घेतली, खोली आणि वेळ यांच्या रकान्याखाली.