अनुदान मंजूर झालं? आधी रकाने वाचा

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजात केंद्राचं संशोधन अनुदान आलं की पेढे जरूर वाटा, पण मंजुरीपत्र त्याच दिवशी हिशेबनिसासोबत बसून वाचा. उपकरणं, रसायनं, प्रवास, मनुष्यबळ असे खर्चाचे रकाने ठरलेले असतात. रावेरच्या केळीबागेतून नमुने आणायचं गाडीभाडं रसायनांच्या पैशांतून भागवलं, की ऑडिटमध्ये अडकलात. रकाना बदलायला आधी परवानगी लागते. उपकरणाची खरेदी सगळ्यात आधी काढा. जेम पोर्टल (सरकारी खरेदीचं संकेतस्थळ), कोटेशनं, खरेदी समिती (तिची बैठक कधी होईल ते देव जाणे) यांत महिने जातात, आणि ३१ मार्च थांबत नाही. 'जीएफआर १२-अ' नमुन्यातलं (जीएफआर म्हणजे केंद्राचे सर्वसाधारण वित्तीय नियम) उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा हप्ता सहसा सुटत नाही. खात्यावरचं व्याजही सरकारलाच परत करायचं असतं.