लिनक्स टाकण्याआधी लॅपटॉपची झाडाझडती

लॅपटॉप मधेच गोठतो, चालता चालता बंद पडतो, म्हणून लिनक्स टाकायला निघाला असाल तर जरा थांबा. आधी दोष हार्डवेअरचा की सिस्टीमचा, याचा छडा लावा. मरायला टेकलेली डिस्क नव्या सिस्टीमने बरी होत नाही. उलट इन्स्टॉल होतानाच्या ताणाने ती कायमची बसू शकते.

म्हणून पहिलं काम बॅकअपचं, तेही बाहेरच्या डिस्कवर. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर केलेली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. घेतल्यावर चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. विंडोजही ठेवायचं असेल आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. बायोसमधलं, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रॅममधलं, एखादं सेटिंग हललं की विंडोज ती मागू शकतं. फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर लिहिताना अडचण येते.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो, फक्त त्यातलं सगळं पुसलं जाणार हे धरून चाला. आयएसओ, म्हणजे लिनक्स इन्स्टॉल करायची फाइल, उतरवली की तिचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा) डिस्ट्रोच्या, म्हणजे तुम्ही निवडलेल्या लिनक्सच्या, साइटवरच्या आकड्याशी जुळवा. अर्धवट उतरलेल्या फाइलीमुळे इन्स्टॉल मधेच अडलं तर माणूस उगाच लॅपटॉपला दोष देत बसतो.

आता खरी तपासणी. आयएसओ पेनड्राइव्हवर चढवा आणि त्यावरून लाइव्ह सेशन, म्हणजे इन्स्टॉल न करताच चालणारं लिनक्स, सुरू करा. आतल्या डिस्कवर तुम्ही मुद्दाम काही करेपर्यंत तिथे काहीही बदलत नाही. लॅपटॉप इथेही गोठत असेल तर बिचाऱ्या विंडोजला सोडा, संशय रॅम किंवा उष्णतेवर घ्या. रॅमसाठी मेमटेस्ट८६+ हा तपासणीचा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा. एक जरी एरर दिसली तरी ती गंभीरच. दोन स्टिक असतील तर एकेक काढून तपासा, पण चार्जर काढून आणि बॅटरीचं कनेक्टर सोडवूनच. टचपॅड वर आलाय किंवा मागचं झाकण फुगलंय असं दिसलं तर बाकी सगळं सोडा: चार्जिंग बंद, आणि ती बॅटरी दाबू नका, टोचू नका, बदलून घ्या.

डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघताना वरच्या ‘पास्ड’ या एका शब्दावर विसंबू नका, पास झालेल्या डिस्कही मरतात. हार्ड डिस्क असेल तर रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या) आणि पेंडिंग (खराब असल्याचा संशय असलेल्या) सेक्टरचे आकडे बघा. ते वाढत असतील तर डिस्क बदलायची, त्यात घासाघीस नको. मात्र नुसत्या सीआरसी एरर (डेटा ने-आण करतानाच्या चुका) वाढत असतील तर बहुधा केबल किंवा कनेक्टर सैल असतो.

लाइव्ह सेशनमध्येच वायफाय, आवाज, कॅमेरा, ब्राइटनेस तपासा आणि लॅपटॉप झोपवून पुन्हा उठवून पाहा. वायफाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, ड्रायव्हर त्यावरून उतरवता येतो. पडदा काळाच राहिला तर बूट मेन्यूत ‘नोमोडसेट’ (nomodeset, ग्राफिक्स ड्रायव्हरला पडद्याचा मोड बदलू न देणारा) पर्याय देऊन बघा. एनव्हिडियाच्या कार्डांवर त्याची गरज बऱ्याचदा पडते.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, हा प्रकार इंटेलच्या मशीनवर वारंवार भेटतो. डिस्क मेली असं लगेच समजू नका. बायोसमध्ये स्टोरेज आरएसटी किंवा व्हीएमडीवर (डिस्क हाताळायच्या इंटेलच्या खास पद्धती) असेल तर एएचसीआय (त्याचीच साधी पद्धत) करावं लागतं. पण हे तडकाफडकी बदललं तर विंडोज सुरू होत नाही. आधी त्याला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग बायोस बदला.

चार्जर लावून ठेवा आणि विंडोज यूईएफआयने (बायोसच्या नव्या पद्धतीने) सुरू होत असेल तर पेनड्राइव्हही त्याच मोडने सुरू करा. पार्टिशन निवडताना डिस्कची क्षमता वाचूनच पुढे जा, कारण त्या यादीत बाहेरची बॅकअप डिस्कही दिसू शकते. ती त्याआधीच काढून ठेवलेली बरी.