कीबोर्डमधला मेमरी सेल कसा बदलावा

दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात, मग लग्नसराई, मग एप्रिलात भीमजयंती. या सगळ्या धावपळीत कीबोर्डच्या डिस्प्लेवर ‘बॅटरी लो’ आलं तरी वादक तिकडे लक्ष देत नाहीत, कारण वाजवताना काहीच अडत नाही. अडणारही नाही. वाजवायची वीज मेनमधून येते. आतला बटन सेल फक्त कीबोर्ड बंद असताना मेमरी जिवंत ठेवतो. तो संपला की तुम्ही बसवलेली सनई, बासरी, नाटकाच्या प्रवेशांसाठी लावून ठेवलेले टोन, सगळं एका रात्रीत पुसलं जातं. म्हणून सूचना दिसली की पुढची सुपारी घेण्याआधी सेल बदला.

हे जुन्या कीबोर्डांपुरतं आहे: १९८३चा यामाहा डीएक्स७, १९८७चा रोलँड डी-५०, १९८८चा कॉर्ग एम१, आणि आपल्याकडे ऑर्केस्ट्रात अजूनही दिसणारी रोलँडची एक्सपी मालिका. अलीकडच्या बहुतेक कीबोर्डांत फ्लॅश मेमरी असते, तिला सेल लागत नाही.

आधी डेटा बाहेर काढा. फ्लॉपी किंवा कार्ट्रिज चालत असेल तर त्यावर, नाहीतर मिडी केबलने लॅपटॉपवर सिसएक्स डंप (कीबोर्डच्या मेमरीतल्या सगळ्या सेटिंगची फाइल) घ्या. अगदी स्वस्तातल्या यूएसबी-मिडी केबली लांब डंप अर्धवट करतात. त्यामुळे डंप दोनदा घ्या आणि दोन्ही फायलींची साइज सारखी आहे का ते बघा. यातलं काहीच जमत नसेल तर प्रत्येक टोनच्या सेटिंगच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. कंटाळवाणं काम आहे, तरी करा.

‘कीबोर्ड चालू ठेवून सेल बदला, म्हणजे मेमरी जात नाही’ हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो मानू नका. बऱ्याच मॉडेलांत पॉवर सप्लाय आतच असतो, म्हणजे उघड्या पेटीत २३० व्होल्ट खेळत असतात. खेड्यातल्या घरांत सॉकेटला अर्थिंगचं भोक असतं, पण मागे वायर जोडलेली असेलच असं नाही. अशा ठिकाणी चालू बोर्डवर गरम सोल्डरिंग आयर्न टेकवला तर मेमरी चिप उडू शकते, आणि तुम्हालाही शॉक बसू शकतो. डेटा बाहेर काढला असेल तर ही जोखीम घ्यायची गरजच उरत नाही.

प्लग काढा, पंधरा मिनिटं थांबा, खालचे स्क्रू काढा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, कुठला कुठून निघाला ते कागदावर मांडून ठेवा. सेल होल्डरमध्ये असेल तर लाकडी काडीने उचला, नवीन बसवा, काम झालं. पेचकसाने उचकटू नका, त्याने प्लस-मायनस एकमेकांना टेकतात.

खरं काम आहे ते पत्तीचा सेल, म्हणजे धातूच्या दोन पट्ट्या जोडलेला सेल, प्लेटला (सर्किट बोर्डला) सोल्डर केलेला असतो तेव्हा. मलाही सुरुवातीला इथंच घाम फुटायचा, आणि दुरुस्तीला येणारे बिघडलेले बोर्ड बहुतेक याच जागी बिघडलेले असतात. होतं असं की माणूस एका पत्तीचं सोल्डर वितळवतो, दुसरी अजून घट्ट असते, आणि तो सेल हलवून वर ओढतो. पत्ती निघते, पण तिच्यासोबत तांब्याचा ट्रॅकही (प्लेटवरची वीज वाहून नेणारी पट्टी) उखडून येतो. जुन्या प्लेटवरचे ट्रॅक उष्णतेने आधीच सैल झालेले असतात.

म्हणून सेल उपटायचा नाही, कापायचा. प्लेटवर प्लसची बाजू मार्करने खूण करा आणि फोटो काढा. मग बारीक कटरने आधी एक पत्ती सेलच्या कडेजवळ कापा, मग दुसरी. दोन्ही एका फटक्यात कापू नका, कटरमधूनच शॉर्ट होतो. सेल सुटून हातात येतो आणि प्लेटमध्ये पत्तीचे दोन सुटे तुकडे उरतात. आता ते एकेक करून काढता येतात, कारण एकाला दुसऱ्याची अडवणूक नसते.

तुकडा काढण्याआधी त्याच्यावर थोडं नवीन सोल्डर चढवा. काढायचंय तर घालायचं कशाला, असं वाटेल. पण वर्षानुवर्षं पडून राहिलेलं सोल्डर नुसत्या आयर्नने धड वितळत नाही, नवीन सोल्डरमधल्या फ्लक्सने (सोल्डर साफ करून वाहतं करणाऱ्या रसायनाने) ते वाहतं होतं. मग चिमट्याने तुकडा धरा, खालून आयर्न लावा आणि तो आपोआप सैल झाला की उचला. जोर लावावासा वाटला तर समजा अजून वितळलेलं नाही. मायनसची बाजू जास्त हट्टी असते, कारण ती ग्राउंडच्या रुंद तांब्याला जोडलेली असते आणि ते तांबं चुलीवरच्या जाड तव्यासारखं सगळी उष्णता ओढून घेतं. तिथे बारीक टोकाचा आयर्न कामाचा नाही, रुंद टोक घ्या. तीन-चार सेकंदांत वितळलं नाही तर आयर्न उचला, प्लेट थंड होऊ द्या, पुन्हा लावा. अर्थिंगची खात्री नसेल तर आयर्न तापवून त्याचा प्लग काढा आणि मगच प्लेटला टेकवा. भोकातलं उरलेलं सोल्डर पंपाने ओढून घ्या.

डबीतली पत्र्याच्या कामाची आम्ल पेस्ट इथे चालत नाही. ती ट्रॅक खाते, आणि मागे राहिलेल्या थरातून करंट झिरपून नवीन सेल लवकर संपतो.

नवीन सेल थेट सोल्डर करू नका. लिथियम सेल तापला तर फुटतो. मी दर वेळी होल्डरच बसवतो, म्हणजे पुढच्या वेळी आयर्न काढायचं कामच राहत नाही. होल्डरचे पाय भोकांत बसत नसतील तर लाल-काळ्या छोट्या वायरी जोडा आणि होल्डर पेटीच्या प्लास्टिकला केबल टायने बांधा. डबल टेपवर विसंबू नका. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या मे महिन्यात, बंद टेम्पोत, तिचा डिंक पातळ होतो आणि सुटलेला होल्डर बोर्डवर पडतो.

सेल सीआर२०३२ घ्या: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. सीआर२०२५ पातळ असतो, होल्डरमध्ये सैल राहतो. एलआयआर२०३२ दिसायला तसाच, पण चार्जिंगचा, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. तो लावू नका. नागपूरच्या सीताबर्डीत घ्या नाहीतर गावात, मल्टिमीटर लावून ३ व्होल्टच्या वर दिसला तरच पैसे द्या.

पेटी बंद करण्याआधी होल्डरवरचं प्लस-मायनस मीटरने तपासा. कीबोर्ड चालू केल्यावर डिस्प्लेवर अक्षरांची खिचडी दिसेल. फॅक्टरी रिसेट करा, मेमरी प्रोटेक्ट (मेमरीत लिहू न देणारं सेटिंग) ऑफ करा, डेटा परत भरा. रात्रभर बंद ठेवून सकाळी टोन जागेवर आहेत का बघा. आठवड्याने व्होल्टेज पुन्हा मोजा. स्पष्ट उतरलेलं दिसलं तर सोल्डरच्या जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून काढा. एरवी असा सेल ५ ते १० वर्षं सहज टिकतो. बदलल्याची तारीख पेटीच्या आत चिकटवून ठेवा.

जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि तो लगेच लेकरांच्या हाताबाहेर ठेवा. गिळलेला बटन सेल दोन तासांत अन्ननलिका भाजतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबू नका, एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात लेकराला थेट न्या.