ग्लूटेन-फ्री मालासाठी इसबगोल, कोंडा, टरफल घेताय? या चुका टाळा

गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा. त्यात ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, दहावा हिस्सा धरलं, तर झालं 4 मिलिग्रॅम. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर आपल्या अन्न सुरक्षा नियमांप्रमाणे किलोभर मालात 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे चालतील, सहावा पडला की माल नापास. क्विंटलला हिशेब लावला तरी गहू मूठभर होत नाही.

लातूरला आमच्या छोट्या युनिटात शाळूच्या पिठात इसबगोल घालून बिस्किटं करायला घेतली, तेव्हा हा हिशेब आम्ही मांडलाच नव्हता. ज्वारीत ग्लूटेन नसतं, इसबगोलात नसतं, मग बिस्किटात कुठून येणार? पहिलाच नमुना नापास होऊन आला. सगळ्यांनी इसबगोलावर बोट ठेवलं, कारण तो परराज्यातला. खोट निघाली आपल्याच गल्लीतल्या गिरणीत.

गिरणी नुसती झाडून भागत नाही

आपल्याकडे उपवासाचं दळण घेऊन गेलेली बाई आधी विचारते, “अगोदर काय दळलं?” गिरणीवाला सांगतो, “झाडून घेतली, ताई,” आणि पहिलं मूठभर पीठ बाजूला काढतो. उपवासाला तेवढं पुरतं, सिलिॲकच्या (ग्लूटेननं आतड्याला इजा होणाऱ्या आजाराच्या) रुग्णाला पुरत नाही. जात्याच्या खाचांत, पिठाच्या पिशवीच्या शिवणीत, पट्ट्याखालच्या फटीत गव्हाचं पीठ बसलेलं असतं आणि ते पुढच्या कित्येक किलोंत थोडं थोडं उतरत राहतं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेलं, तेवढ्यानंही रुग्णांच्या आतड्याला इजा दिसली. 50 मिलिग्रॅम म्हणजे अर्धा ग्रॅम कणीक. पोळी लाटताना पोळपाटावर याहून जास्त सांडते.

यावर उपाय एकच, पल्व्हरायझर (दळायचं यंत्र) स्वतःचा आणि खोली वेगळी. त्या खोलीत गहू दळायचा नाही आणि कामगारांचा पोळीचा डबाही उघडायचा नाही. चाळण्या, ब्रश, ॲप्रन वेगळे. हवेच्या दाबानं यंत्र साफ करू नका, पीठ उडून शेजारच्या पोत्यावर बसतं. व्हॅक्यूमनं ओढा, मग ओल्या फडक्यानं पुसा.

माल मोंढ्यात येण्याआधीच बिघडलेला असतो

मराठवाड्यात रब्बीची ज्वारी, हरभरा आणि गहू मागेपुढे काढणीला येतात. एकच मळणीयंत्र या शिवारातून त्या शिवारात फिरतं. काल गहू, आज शाळू. मग माल जुन्या बारदानात भरतो. त्या पोत्यानं मागच्या वर्षी काय वाहिलं, हे पोत्यालाही आठवत नसेल. आडतीवर गव्हाच्या ढिगाला लागूनच ज्वारीचा ढीग.

चाळणीनं हे निस्तरत नाही. ज्वारी गोल आणि गहू लांबट, तरी चाळणीच्या भोकातून गव्हाचा दाणा उभा होऊन निसटतो. सॉर्टेक्सवर रंगानं निवड होते, लातूरच्या डाळ मिलमध्ये ही यंत्रं दिसतात. पण त्या यंत्रातून तुमच्या आधी काय गेलं, हा प्रश्न तिथंही विचारायचाच. आम्ही आता ज्वारी मोंढ्यातून घेत नाही. गटाच्या शेतकऱ्यांकडून थेट घेतो, नवं बारदान आम्ही पुरवतो आणि मळणीला त्या दिवशी पहिला नंबर आपला लागेल असं बघतो. किलोमागे पैसे जास्त जातात, ते जाऊ द्यावेत.

‘98 टक्के शुद्ध’ याचा अर्थ काय

इसबगोल आपल्याकडचं पीक नाही. ते गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशात होतं आणि मोठा व्यापार उंझा, सिद्धपूर भागात चालतो. तेही रब्बीचंच पीक, त्याच शिवारात गहू आणि जिरं. भुशीची, म्हणजे इसबगोलाच्या बियांवरच्या सालीची, प्रत 85, 95, 98, 99 अशा टक्क्यांत सांगतात आणि इथंच नवा खरेदीदार फसतो. हा आकडा भुशीत भुशी किती आणि कचरा किती, एवढंच सांगतो. ग्लूटेनबद्दल तो काहीच बोलत नाही. 98 टक्क्यांच्या भुशीत उरलेल्या दोन टक्क्यांतली निम्मी, म्हणजे एकूण मालाच्या एक टक्का, जरी गव्हाची धूळ असली, तरी किलोमागे ग्लूटेन होतं 1000 मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या पन्नासपट. आमच्या पुरवठादाराला मी हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “साहेब, असं कुणी विचारत नाही.”

ग्लूटेनपलीकडेही बघायला हवं. जंतू मारण्यासाठी काही ठिकाणी एथिलीन ऑक्साइड वायू वापरतात. 2020 मध्ये भारतातून गेलेल्या तिळात तो युरोपात सापडला आणि मोठा गोंधळ झाला. त्यामुळे निर्जंतुकीकरण वाफेनं केलंय का, हे लेखी मागा. ग्लूटेन-फ्री ब्रेडला चिकटपणा आणणारा गवार गमही धुतल्या तांदळासारखा नाही. 2007 मध्ये भारतातून गेलेल्या गवार गममध्ये युरोपात डायॉक्सिन आणि पेंटाक्लोरोफिनॉल ही विषारी रसायनं सापडली होती.

गुरांसाठीचा माल

तुरीची, हरभऱ्याची चुनी (डाळ करताना उरणारी टरफलं आणि बारीक तुकडे) लातुरात हवी तेवढी मिळते आणि स्वस्त मिळते. ‘फायबर’ म्हणून ती पिठात घालायची कल्पना मलाही सुचली होती. पण चुनी निघते गुरांसाठी. ती उघड्यावर पडते, ओल धरते, बुरशी लागते आणि अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीतून येणाऱ्या विषाची, भीती तिथूनच सुरू होते. टरफल हवंच असेल तर मिलशी आधी बोलून, माणसांच्या खाण्याच्या दर्जाचं, वेगळ्या पिशवीत आणि ओलावा मोजून घ्या. जालना, छत्रपती संभाजीनगर पट्ट्यातल्या मोसंबीच्या सालीचंही तेच. तंतू उत्तम, पण फवारणी आधी सालीवरच बसते. रस काढून उरलेली साल वाळवून दळली, की ते अवशेषही घट्ट होऊन पिठात येतात. कीडनाशकांची तपासणी केल्याशिवाय तिला हात लावू नका.

सर्टिफिकेट फाईलला लावून झोपू नका

पुरवठादाराचा तपासणी अहवाल आला की पहिल्यांदा लॉट नंबर बघा. पोत्यावरचा आणि कागदावरचा जुळत नसेल तर तो कागद दुसऱ्याच मालाचा आहे. मग पद्धत बघा. ग्लूटेनसाठी आर5 एलायझा (प्रतिपिंड वापरून ग्लूटेन मोजणारी चाचणी) ही कोडेक्सनं, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं, मान्य केलेली पद्धत. नुसतं ‘आढळले नाही’ पुरत नाही, किती मिलिग्रॅमपर्यंत मोजता येत होतं तेही लिहिलेलं हवं. आंबवलेल्या किंवा विघटित केलेल्या घटकात साधी एलायझा चकते, तिथं कॉम्पिटिटिव्ह एलायझा मागावी लागते.

इसबगोल आणि गम यांची आणखी एक खोड आहे. तपासणीच्या द्रवात ते फुगून गोळा होतात, अर्क नीट उतरत नाही आणि असलेलं ग्लूटेन ‘नाही’ म्हणून निघतं. म्हणून प्रयोगशाळेला विचारा, या मालात ठरावीक ग्लूटेन मुद्दाम मिसळून ते परत मोजून पाहिलं का? ‘स्पाइक रिकव्हरी’ हा शब्द वापरला की समोरचा माणूस सावरून बसतो. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता ग्लूटेनच्या चाचणीसाठी आहे ना, हेही बघा. मान्यता प्रयोगशाळेला असते, पण सगळ्या चाचण्यांना असेलच असं नाही.

नमुना एकाच पोत्यातून काढू नका. गहू सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, कुठं पाच दाणे एकत्र सापडतात तर कुठं एकही नाही. बऱ्याच पोत्यांतून वरून, मधून, खालून थोडं थोडं घ्या, एकत्र करा, मग पाठवा. प्रत्येक लॉटचा थोडा नमुना सीलबंद ठेवून द्या.

नमुना नापास झाला तर

नापास माल चांगल्या मालात मिसळून ‘पातळ’ करायचा मोह होतो. तसं करू नका, तो लॉट बाजूला काढा. मग राखून ठेवलेल्या नमुन्यांतून एकेक घटक वेगळा तपासा आणि यंत्राच्या पृष्ठभागावर बोळा फिरवून त्याचा नमुना (स्वॅब) घ्या. पाकिटावर नुसतं ‘डाएटरी फायबर’ लिहिलेल्या घटकाचा उगम विचारा. तो गव्हाचा असू शकतो, बार्लीचाही. ओट फायबर असेल तर ओट गव्हाशेजारी वाढला आणि दळला गेला का, हे विचारा.

आमची गिरणी बदलली, ज्वारी बदलली, इसबगोलाचा अहवाल नीट आला. गोड बिस्किटं पास झाली, मसाल्याची पुन्हा नापास. आठवडाभर सगळी यंत्रं उघडून बसलो. शेवटी कामावरच्या मावशींनी हिंगाची डबी उलटी करून दाखवली. मागं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मैदा’. आता खरेदीच्या वहीत हिंगापुढं लाल शाईनं लिहिलेलं आहे: तांदळाच्या पिठाचा, आणि डबी मावशींना दाखवूनच.