१८ डिसेंबर १९७१ : युद्ध थांबल्यानंतरचा नाशिकचा एक दिवस कसा उभा करायचा

दरवर्षी १६ डिसेंबरला १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धातल्या विजय दिवसाच्या पोस्ट फिरतात, पाकिस्तानचा जनरल नियाझी शरणागतीवर सही करतोय आणि शेजारी आपले जनरल अरोरा बसलेत तो फोटो फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरून जातात. मला विचाराल तर बघण्यासारखा दिवस त्याच्या पुढचा आहे. ढाक्याला सही झाली गुरुवारी दुपारी साडेचारच्या सुमारास, पश्चिम आघाडीवर मात्र लढाई चालूच होती, तिथली शस्त्रसंधी लागू झाली शुक्रवारी १७ तारखेला रात्री आठ वाजता. म्हणजे दोन्हीकडच्या तोफा गप्प झाल्यावर उजाडलेली पहिली सकाळ शनिवारची, १८ डिसेंबरची. त्या शनिवारी आपल्या नाशकात लोक काय वाचत होते, काय खात होते, कोणाच्या पत्राची वाट बघत होते हे आत्ता शोधलं तर सापडतं, कारण तेव्हा वीस-पंचवीस वर्षांचे असलेले लोक आज सत्तरी पार करून का होईना आपल्यात आहेत. अजून दहा वर्षांनी नसतील. म्हणून हे लिहितोय. शाळेचा प्रोजेक्ट असो, घरातल्या आजोबांची वही असो, सोसायटीतला कार्यक्रम असो, पद्धत तीच.

आधी एक वही घ्या आणि दिवसाचे पाच भाग पाडा, पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. आणि एक नियम पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा : त्या घटकेला नाशकातल्या माणसाला जे कळणं शक्यच नव्हतं ते या वहीत येणार नाही. हा नियम पाळला तरच तो दिवस जिवंत होतो, नाहीतर शाळेच्या पुस्तकातला धडा होतो. म्हणजे बघा, १८ तारखेला बांगलादेशचे नेते शेख मुजीब अजून पाकिस्तानच्या तुरुंगात होते, ते सुटले ८ जानेवारीला. पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष याह्या खान अजून खुर्चीवर होते, ते गेले २० तारखेला. सिमला करार जुलै १९७२ चा, सगळे युद्धकैदी परत जायला १९७४ उजाडलं. त्या शनिवारी यातलं काहीच माहीत नव्हतं. उद्या परत पेटणार नाही याची खात्री कोणाला होती? युद्धामुळे आणीबाणी (पंचाहत्तरची नव्हे, त्याआधीची) ३ डिसेंबरला जाहीर झालेली, ती तशीच चालू होती (आणि पुढे १९७७ पर्यंत उठलीच नाही, पण हे तुमच्यासाठी, वहीत नको). आनंद होता, पण धाकधूक धरून होता, आणि ती धाकधूक तुमच्या लिखाणात आली पाहिजे.

आता वर्तमानपत्र. यात बहुतेक जण एका साध्या गोष्टीला चुकतात. १८ तारखेचा अंक १७ तारखेच्या बातम्या सांगतो, म्हणून १८ ला गावात काय झालं ते बघायचं तर १९ चा, रविवारचा अंक काढा, आणि गावातल्या बारीकसारीक गोष्टींसाठी २० आणि २१ चा पण बघा, कारण सभा, मिरवणूक, निधीला दिलेली देणगी असल्या बातम्या दोनतीन दिवस उशिरा छापून यायच्या. १८ चा अंक वाचायचा तो वेगळ्या कारणासाठी, त्या सकाळी चहाबरोबर माणसाच्या हातात काय होतं ते कळायला. बाहेरगावच्या पेपरांची डाक आवृत्ती लवकर छापून निघायची, त्यामुळे रात्री उशिराची बातमी त्यात असेलच असं नाही, मुंबईत एक अंक आणि नाशकात दुसरा असं होऊ शकतं, हे लक्षात ठेवून कुठल्या आवृत्तीचा अंक बघितला ते नोंदवा. गावासाठी 'गावकरी', मुंबईसाठी 'महाराष्ट्र टाइम्स' आणि 'लोकसत्ता'. सुरुवात सार्वजनिक वाचनालयापासून करा, आपलं सावाना १८४० पासूनचं आहे, तिथे जाऊन नुसतं "जुने पेपर आहेत का" असं विचारू नका, "डिसेंबर १९७१ ची बांधीव फाइल बघायचीय" असं महिन्यासकट विचारा. तिथे नाही मिळालं तर पेपरच्या ऑफिसात, नाहीतर मुंबईला मराठी ग्रंथसंग्रहालयात. जुना कागद कोपऱ्यातून तुटतो, पान दोन्ही हातांनी उलटा, फोटो फ्लॅश बंद करून काढा, आणि प्रत्येक फोटोत तारीख दिसेल असं बघा, नंतर चाळीस फोटोंतून कुठला कुठल्या दिवसाचा ते शोधताना जीव जातो.

पहिलं पान सगळेच वाचतात, तुम्ही आतली वाचा. बाजारभाव, थिएटरच्या जाहिराती, निधनवार्ता, पाहिजेत, हरवले-सापडले. नोटिसा जरूर बघा, ब्लॅकआउटचे, म्हणजे रात्री दिव्यांचा उजेड बाहेर दिसू न देण्याचे नियम कधी लागले, कधी शिथिल झाले ते तिथेच सापडेल. सिनेमाच्या जाहिरातीत खेळाच्या वेळा बघा, सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची न्यूजरील दाखवायचे आणि आघाडीवरची हलती चित्रं लोकांना बघायला मिळायची ती तिथेच. खेळाचं पान तर अजिबात सोडू नका. त्याच दिवसांत ऑस्ट्रेलियात सोबर्सच्या कप्तानीखाली जागतिक संघ खेळत होता, त्यात आपले गावसकर, बेदी, इंजिनिअर आणि पाकिस्तानचे झहीर अब्बास, इंतिखाब आलम एकाच ड्रेसिंग रूममध्ये होते. इकडे दोन देश एकमेकांवर बॉम्ब टाकतायत आणि तिकडे हे एका संघात. हे वाचून मी फाइल मिटून थोडा वेळ तसाच बसलो होतो.

मग माणसं. म्हाताऱ्या माणसाला "१८ डिसेंबरला तुम्ही काय केलं" असं विचाराल तर काही मिळणार नाही, कोणाच्या लक्षात असते तारीख. पंचांग उघडा. १६ डिसेंबर १९७१ हा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता, ज्या घरी मार्गशीर्षाचे गुरुवार करायचे तिथल्या आजीला उद्यापनाचं विचारा, सवाष्णी आल्या होत्या का, आणि रेडिओ लागला होता का. तिथून दोन दिवस पुढे सरका. धुंधुरमास नुकताच लागला होता, पहाटे उठून खिचडी, बाजरीची भाकरी-लोणी, भरीत हे त्या घरात व्हायचं का, त्या वर्षी झालं का. आणि १७ ची रात्र अमावास्येची. युद्ध सुरू झालं तेव्हा पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, पुढे रोज चंद्र कमी कमी होत गेला आणि शस्त्रसंधीच्या रात्री आकाशात चंद्रच नव्हता. त्यामुळे ब्लॅकआउटच्या शेवटच्या रात्री मिट्ट काळोखाच्या होत्या, याची आठवण फार पक्की असते लोकांना.

पंचवटीतल्या एका आजींना मी फक्त एवढंच विचारलं होतं की खिडकीला काय लावलं होतं. त्या म्हणाल्या, "अरे खाकी कागद, वह्यांना घालायचा तो, खळीनं चिकटवला होता, आणि नंतर काढायला गेले तर तावदानावर खळ तशीच राहिली, सासूबाई म्हणाल्या संक्रांतीच्या आत काच साफ झाली पाहिजे." पुढचा अर्धा तास मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही. म्हणून सांगतो, वस्तूबद्दल विचारा. कसं वाटलं, अभिमान वाटला का, असलं विचारलं की माणूस भाषण करतो. बल्बला काय गुंडाळलं होतं, गाडीच्या दिव्यांना अर्धा काळा रंग होता का, ट्रान्झिस्टर कोणाच्या घरी होता आणि तिथे किती जण जमायचे, हे विचारा. मध्ये बोलू नका, चूक दुरुस्त करू नका, फोनवर रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारून करा. देवळाली कॅम्प आणि ओझर ही दोन नावं मात्र मुद्दाम काढा. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) मिग लढाऊ विमानांचा कारखाना, त्यामुळे आपल्याकडे युद्ध म्हणजे नुसती रेडिओवरची बातमी नव्हती, कोणाचे वडील शिफ्टला होते, कोणाच्या घरी लष्करातले भाडेकरू होते. ते त्या आठवड्यात घरी कधी आले हे विचारलं की बरंच निघतं.

घरात जुनी पत्रं असतील तर तो खजिना आहे. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, पोस्टकार्डाला सूट होती. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर 'रिफ्युजी रिलीफ' असं छापून काम भागवलं, १ डिसेंबरपासून निर्वासितांचं चित्र असलेलं वेगळं तिकीट आलं. आणि तेव्हा देशाची टपाल तिकिटं छापणारा छापखाना आपल्या नाशिकरोडचा, म्हणून तिथे नोकरीला असलेलं कोणी ओळखीत असेल तर त्या महिन्यांतल्या कामाचं जरूर विचारा. पाकीट हातात घेतलं की उलटंही करून बघा, मागे पोहोचल्याचा शिक्का असतो, म्हणजे निघाल्याची आणि मिळाल्याची अशा दोन तारखा मिळतात. जवानाच्या पत्रावर गावाचं नाव नसणार, ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (लष्कराच्या टपाल कार्यालयाचा नंबर) एवढंच असेल. तो माणूस नेमका कुठे होता हे घरच्यांनाही माहीत नव्हतं. त्या शनिवारी लढाई थांबलीय हे सगळ्यांना कळलं होतं, आपला माणूस आहे की नाही हे मात्र पत्र किंवा तार येईपर्यंत कळणार नव्हतं, आणि ९ तारखेला बुडालेल्या खुकरी या नौकेवरच्या दीडशेहून जास्त नौसैनिकांची घरं अशीच होती. माझ्या मते त्या दिवसाचं सगळ्यात खरं चित्र हेच आहे, पोस्टमनकडे लागलेले डोळे. त्याला वहीत भरपूर जागा द्या, मिरवणुकीपेक्षा जास्त.

सगळं गोळा झालं की काळाची चाळणी लावा. कोणी म्हणालं आम्ही टीव्हीवर बघितलं, तर ते नंतरचं मिसळलंय, मुंबईला टीव्हीच २ ऑक्टोबर १९७२ ला आला. पत्त्यावर पिनकोड लिहू नका, तो १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. खिशातून वीसची नोट काढू नका, ती १९७२ ची, पन्नासची १९७५ ची. नाशिक महानगरपालिका १९८२ ची, तेव्हा नगरपालिका होती. बुधवारच्या बाजारात बातमी कळली असं कोणी सांगितलं तर तो बुधवार १५ चा किंवा २२ चा, १८ चा नाही. बहात्तरचा दुष्काळ मात्र सांभाळून, त्याच्या आठवणी इतक्या खोल आहेत की लोक रेशनवरची लाल मिलो ज्वारी आणि रोजगाराची कामं या डिसेंबरात आणून ठेवतात, त्या कहाण्या वेगळ्या पानावर लिहून ठेवा, फेकू नका. कोणाला खोटं पाडायचं नाहीये, फक्त आठवण तिच्या जागी ठेवायचीय. छापील पुरावा आणि आठवण जुळत नसेल तर दोन्ही लिहा, शेजारी शेजारी.

लिहायला बसाल तेव्हा दोन पानांच्या वर जाऊ नका. पहाटेच्या थंडीपासून सुरू करा, रेडिओ, पेपर, शनिवारची सकाळची शाळा, पोस्टमन, दिवेलागण, असं सरळ पुढे जा. लढाईचे आकडे एकदाच, तेही पेपरात त्या दिवशी जसे छापले होते तसेच. ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांना मजकूर वाचून दाखवा, नाव घालायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या, शहीदाच्या घरच्यांबाबत तर विचारल्याशिवाय एक ओळही छापू नका. पाकिटांचे फोटो काढून झाले की मूळ पाकीट त्याच घरी परत द्या, तिकीट सोडवून घेऊ नका, शिक्क्यासकटच ठेवायला सांगा. आणि प्रिंट काढाल तेव्हा एक प्रत सावानाला देऊन या, मागे पेन्सिलीनं तुमचं नाव, वर्ष आणि कोणत्या अंकातून काय घेतलं ते लिहून.